बंधुसंघाचा ऊट

रविवारी सकाळी मल्लेश्वरममधल्या मुलांच्या हॉस्पिटलसमोर उंट येऊन उभा राहिला, तेव्हा विश्वासराव मांडवात खुर्चीवर बसून फेटा बांधून घेत होते. बांधणाऱ्याचा हात मध्येच थांबला म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि मग तेही पाहत राहिले. उंट चांगला उंचापुरा होता. पाठीवर आरशांची झूल होती, गळ्यात घुंगरांची माळ होती आणि फाटकाच्या कमानीला पहाटे बांधलेली केळीची पानं त्याने एव्हाना खायला घेतली होती.

"बाबा, तुम्ही दणकट सांगितला होता ना?" संयोगिता लगबगीने येऊन म्हणाली. "तिघांकडे चौकशी केली. बाकीच्यांचे अगदीच मरतुकडे होते. हा फत्तेसिंगचा. दिवसभर थांबणार आहे."

विश्वासराव फेट्याचं लोंबतं टोक हातात धरून नुसते बसले. बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना एकदम उठायचं नाही असं बजावलं होतं, त्यामुळे ते उठलेही नाहीत. गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती त्यांच्या पत्नीच्या, राजलक्ष्मीबाईंच्या. त्या पानसुपारीचं ताट खाली ठेवून सुनेजवळ आल्या.

"आणि ऊट?" त्यांनी विचारलं. "ऊट कुणाला सांगितलाय?"

"आई, हा काय," संयोगिता उंटाकडे बोट दाखवून म्हणाली.

बेंगळूरची ही मराठा घरं शहाजीराजांच्या मागून इकडे आली आणि इथलीच झाली. चारशे वर्षांत कन्नड त्यांच्या मराठीत दुधात पाणी मिसळावं तशी मिसळून गेली, पण आपलं दूध निर्भेळ आहे याबद्दल एकाही घराला शंका नव्हती. घरी रोज होतं ते जेवण आणि संघाच्या मेळ्यात शेकडो लोकांची पंगत बसते तो ऊट, असा विश्वासरावांच्या घरात पक्का हिशेब होता. घरचं जेवण कुणी ऊट म्हणत नसे आणि मेळ्याचा ऊट कुणी जेवण म्हणत नसे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी अंथरुणावरून सुनेला फोन करून अगदी नीट समजावलं होतं. उटाचं लवकर सांगून ठेव. चांगला दणकट पाहिजे. गेल्या वर्षी अर्ध्या पोरांना मिळालाच नाही, नुसती बघत बसली. एवढं स्पष्ट सांगितल्यावर आणखी काय सांगायचं?

पुण्याहून वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली संयोगिता सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहत होती, तिचं ऑफिस त्याच रस्त्याला होतं, आणि सासरी यायची ती शनिवार-रविवारी. तिच्या इमारतीचा वॉचमन रोज दुपारी तिला "ऊटा आय्ता?", जेवण झालं का, म्हणून विचारायचा आणि ती वर्षभर "हां भैया" म्हणत लिफ्टमध्ये शिरत होती. फोनवर तिने ऐकला तो उंटच. मेळ्यात पोरांना उंटावर बसवायची पद्धत असेल, गेल्या वर्षी अर्ध्यांची पाळी आली नसेल, त्यात न समजण्यासारखं काय होतं? एकदा तिने नवऱ्याला, अभिराजला, विचारलंही होतं की जेवणाचं कोण बघतं. कानात हेडफोन घातलेला अभिराज म्हणाला होता, ते दरवर्षी बाबाच बघतात. तेही खोटं नव्हतं.

"ऊट मराठीच शब्द आहे की," विश्वासराव शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "माझे आजोबा म्हणायचे."

राजलक्ष्मीबाईंनी आचारी दामोदरला फोन लावला. दामोदर तुमकूरला एका लग्नात होता. यंदा विश्वासरावांची तब्येत बरी नाही, तेव्हा मेळाच नसेल असं तो धरून चालला होता, आणि कुणी सांगितलं नाही म्हणून तोच उलट रुसला होता.

बंधुसंघ विश्वासरावांच्या आजोबांनी आणि त्यांच्या दहाबारा मित्रांनी काढला. सभासद फक्त पुरुष. वर्षातून एकदा या हॉस्पिटलच्या आवारात मेळा भरवायचा, शहरभर उटाची कुपनं विकायची, आणि कुपन घेतलेल्या पाहुण्यांनी हॉस्पिटलमधल्या मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या पंगतीला बसून जेवायचं, अशी त्यांची रीत होती. जमेल ते सगळं हॉस्पिटलला जायचं. यंदा मुलांच्या व्यायामोपचारासाठी नवी खोली बांधायची होती. कुपनं तर हातोहात खपली होती. अकरापासून माणसं यायला लागणार होती, आणि मांडवामागच्या चुलवणात अजून जाळ नव्हता.

पण संयोगितापुढचा प्रश्न नुसता या जेवणाचा नव्हता. विश्वासरावांचे धाकटे भाऊ हंबीरराव यांनी गेल्या बैठकीत मेळा बंद करायचा प्रस्ताव आणला होता. सभासदांनी चेक द्यावेत, व्हाइटफील्डच्या हॉटेलात एक रात्रीचं जेवण ठेवावं, कंपन्यांची माणसं बोलवावीत, झालं. आजारी विश्वासराव काही बोलू शकले नव्हते. तेव्हा पडद्याआडून राजलक्ष्मीबाईंनी निरोप पाठवला की यंदाचा मेळा माझी सून करील. संघात खूप कुजबुज झाली. शेवटी हंबीररावच म्हणाले, करू दे. नीट झाला तर मेळा पुढे चालू. फजिती झाली तर त्याच दिवशी संध्याकाळी माझा प्रस्ताव पास, पुन्हा चर्चा नको. ही अट सगळ्यांनी मान्य केली होती, आणि पडद्याआड राजलक्ष्मीबाईंनीही.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत संयोगिता प्रत्येक शब्दाला "म्हणजे?" म्हणून विचारायची. तेव्हा घर हसायचं. प्रेमानेच हसायचं, पण मग ती गोष्ट चार नातेवाइकांत फिरायची, की पुण्याच्या सुनेला मराठी येत नाही. पुढे पुढे तिने विचारणं सोडून दिलं. हसून मान डोलवायची, बाकीचं अंदाजाने भागवायचं. वर्षभर ते भागलं होतं. आज तोच अंदाज दहा फूट उंच होऊन फाटकात केळीची पानं खात होता आणि तिला रडू येत होतं.

हंबीररावांची गाडी दहाच्या सुमारास आली. पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा सुट्या भागांचा कारखाना होता, आणि परदेशी ऑर्डरमुळे आज रविवार असूनही तिथे पाळी चालू होती. तिथे एक फेरी मारूनच ते आले होते. उंट बघून त्यांना वाटलं, हे पोरांच्या करमणुकीचं काहीतरी नवीन फॅड. आवडलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. मग अभिराजने त्यांना मांडवाच्या खांबाआड नेऊन सगळं सांगितलं. चिक्कप्पा, काहीतरी करा, एवढंच तो शेवटी काकांना म्हणाला.

हंबीरराव आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आता काहीच करायचं नाहीये. नुसतं खुर्चीवर बसून राहायचं. अकराला माणसं येतील, साडेबाराला कुपनं हातात घेऊन उभी राहतील, आणि प्रस्ताव आपोआप पास होईल.

माणूस वाईट नव्हता. मेळ्याचा राग त्यांना कंजुषीतून आलेला नव्हता. तीस वर्षं ते दरवर्षी फेटा बांधून या आवारात आले होते, फोटोत उभे राहिले होते, आणि संध्याकाळी घरी जाऊन पुढच्या वर्षापर्यंत ही मुलं विसरले होते. सगळेच विसरायचे. वर्षातून एकदा आजारी पोरांना तोंड दाखवून पुण्य पदरात पाडून घेणं त्यांना खोटं वाटायचं. त्यापेक्षा चेक बरा, चेक निदान प्रेमाचं सोंग तरी आणत नाही, असं ते बायकोला म्हणायचे. बैठकीत मात्र त्यांना हे सांगता आलं नव्हतं. तिथे ते खर्चाचं बोलले आणि सगळ्यांनी त्यांना चिक्कू ठरवलं.

ते बसले होते तिथून मंच दिसत होता. विश्वासराव अर्धवट बांधलेल्या फेट्यानेच माइककडे निघाले होते आणि संयोगिता त्यांच्या आडवी आली होती.

"माझीच चूक म्हणून सांगतो मी," विश्वासराव म्हणत होते. "आजारपणात विसरलो म्हणून. माझ्यावर कुणी रागावत नाही."

"तुम्ही विसरला नाहीत, बाबा. मी चुकीचं ऐकलं," संयोगिता म्हणाली. "आणि ऐकल्यावर विचारलं नाही. विचारायची लाज वाटली मला. ते मीच सांगणार."

"तू सांगू नको. लोक हसतील तुला."

"हसू देत. तसेही हसतातच."

हे तिने चिडून म्हटलं नव्हतं, त्यामुळेच विश्वासरावांना ते लागलं. आपल्या घरात हसायला काय मिळतं ते त्यांना ठाऊक होतं. फोनवरचे पुणेरी सुनेचे किस्से बहुतेक त्यांनीच पसरवले होते. ते फेट्याचं सुटत आलेलं टोक सावरत तिथेच थांबले आणि त्यांना दम लागला.

हंबीरराव ताडकन उठले. आपल्या थोरल्या भावाने शेकडो लोकांपुढे हात जोडून उभं राहावं आणि आपण खुर्चीत बसून प्रस्ताव जिंकावा, हे त्यांच्याने बघवलं नसतं. जिंकायचंच तर असं नको, असं त्यांना स्वच्छ वाटलं. त्यांनी विश्वासरावांचा दंड धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"अण्णा, स्वल्प बस सुम्मे," म्हणजे जरा गप बस, असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला.

कारखान्याच्या कँटीनचा आचारी महांतेश तिकडून काय म्हणत होता ते कुणाला ऐकू आलं नाही, पण हंबीररावांचं कन्नड सगळ्या मांडवाने ऐकलं. पाळीसाठी चढवलेलं सगळं जेवण टेम्पोत घाल, मुलांना चालेल असं तिखट कमी कर, दुसरा हंडा लगेच चढव, दहीभात वाढव. कामगारांना आज मालकाकडून हॉटेलची बिर्याणी. हे शेवटचं वाक्य महांतेशने तिकडे जोरात सांगितलं असावं, कारण फोनमधून कल्लोळ ऐकू आला. हंबीररावांनी फोन कानापासून दूर धरला.

"दीड वाजेल," ते संयोगिताला म्हणाले. तिच्याकडे बघणं मात्र त्यांनी टाळलं. "तोवर माणसं अडकवून ठेवायची ते तू बघ."

आता तिच्याजवळ अडकवायला एकच गोष्ट होती. ती धावत हॉस्पिटलच्या डॉक्टर शिवलीलांकडे गेली. त्या निपाणीकडच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं आणि डोकं हलवलं.

"आत आणायचा नाही बघा," त्या म्हणाल्या. "भिंतीच्या भायेरनं फिरवा. वरच्या गॅलरीतनं पोरं बघत्यात. ज्यांना उठवायचं त्यांना मी उठवते."

मग पुढचे दोन तास मल्लेश्वरमच्या त्या शांत गल्लीत जे चाललं ते संघाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. फत्तेसिंग उंटाला भिंतीलगत घेऊन चालायचा, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी बरोबर उंटाचं तोंड यायचं. गॅलरीत चाकांच्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड आणि प्लास्टरमधले पाय यांची दाटी झाली. एका मुलाने दिलेलं बिस्किट उंटाने हातासकट चाटलं, तेव्हा सगळी गॅलरी किंचाळली आणि शिवलीलांनी खाली येऊन फत्तेसिंगला दम दिला. मग त्याच वर जाऊन मुलांचे हात साबणाने धूत बसल्या. कुपनवाले पाहुणे मांडव सोडून गल्लीत उभे होते. त्यातल्या निम्म्यांनी आपली पोरं खांद्यावर घेतली होती. भूक लागल्याचं कुणी बोललं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना संयोगिताने सरळ खरं सांगितलं. ती गोष्ट तोंडोतोंडी अशी पसरली की लोक हसत तिच्याकडे येऊन पुन्हा सांगायला लावू लागले. तिसऱ्या वेळेला तिलाही हसू आलं.

टेम्पो आला तेव्हा पावणेदोन झाले होते. बिसिबेळे भाताचा वास आवारात पसरला आणि गल्ली रिकामी झाली. वाढायला दामोदरची माणसं नव्हती. बंधुसंघाच्या फेटेवाल्या सभासदांना त्या दिवशी पहिल्यांदा बादल्या उचलाव्या लागल्या. कुणी भात पानाबाहेर वाढला, कुणी कोशिंबिरीऐवजी ताक आधी ओतलं. राजलक्ष्मीबाई पंगतीच्या टोकाला उभ्या राहून सगळं बघत होत्या. दिराने कँटीनचा ऊट का मागवला, हे त्यांना अजून उलगडलेलं नव्हतं. हंबीररावांची त्यांना तीस वर्षांची ओळख होती. अट घातली की ते ती पाळणार, आणि चार वाजता बैठक होणारच होती. ऊट झाला, पण तो संघाने कुठे केला? कँटीनने केला. सुनेची फजिती तर शंभर जणांनी तिच्याच तोंडून ऐकली होती.

हंबीरराव दहीभाताची बादली घेऊन मुलांच्या पंगतीत होते. एका पानापाशी ते नको इतका वेळ थांबले, म्हणून राजलक्ष्मीबाई जवळ गेल्या. पान सहासात वर्षांच्या मुलीचं होतं. दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. तिने दहीभात तिसऱ्यांदा मागितला होता आणि आता ती वर बघून विचारत होती, "नाळेनू बर्तीरा, ताता?" उद्यासुद्धा येणार का, आजोबा.

"सरी," हंबीरराव म्हणाले. बरं, येतो.

ते बोलून पुढे सरकले आणि दोन पानं वाढून थबकले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मुलगी शेजारच्या मुलाला काहीतरी सांगत होती आणि त्यांच्याकडे बोट दाखवत होती. राजलक्ष्मीबाईंनी दिराचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. त्या बाजूला झाल्या.

चार वाजता सगळे सभासद मांडवात गोळा झाले. पाहुणे गेले होते, उंटही गेला होता. संयोगिता एका कोपऱ्यात उभी होती. सभासद नसल्यामुळे तिला खुर्ची नव्हती, आणि आपला निकाल उभ्यानेच ऐकायची तिने तयारी केली होती. अभिराज तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. विश्वासरावांनी बैठक सुरू केली, त्यांचा आवाज पडला होता. प्रस्ताव हंबीररावांचा आहे, त्यांनी मांडावा, एवढंच ते म्हणाले.

हंबीरराव उठले. त्यांच्या सदऱ्यावर दह्याचे डाग होते.

"मी म्हणालो होतो ते अजून खरंच आहे," ते म्हणाले. "एक दिवस येणार आणि वर्षभर तोंड दाखवणार नाही, अशी माणसं आपण. ते मला सोसत नाही. म्हणून चेक बरा म्हणत होतो. पण आज मी एका पोरीला उद्या येतो म्हणून सांगून बसलोय. खोटं बोलायचं नाही तर उद्या यायला पाहिजे की. चेक पाठवून भागत नाही."

मागे कुणीतरी हसलं. ते हसणं चांगलं होतं.

"तर प्रस्ताव बदलतो. मेळा चालू. आणि वर्षातून एकदा नाही, महिन्यातून एका रविवारी इथं ऊट. पहिला माझ्या कँटीनचा, पुढचे एकेका घराने करायचे. वाढायला आपणच." मग त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. "आणि सगळ्याची होणे हिच्याकडं."

बंधुसंघात असली गोष्ट बाईकडे कधी गेली नव्हती. संयोगिताच्या चेहऱ्यावर वर्षभराच्या सवयीचं ते हसू येऊ लागलं, मान डोलवायला लागणार एवढ्यात ती थांबली.

"काका," ती म्हणाली, "होणे म्हणजे काय?"

एक-दोघांना हसू फुटलं. राजलक्ष्मीबाईंनी नुसती मान वळवून पाहिलं आणि ते थांबलं. हंबीररावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मराठी शब्द त्यांना आठवेना. त्यांनी भावाकडे पाहिलं. विश्वासराव मांडवाच्या कापडाकडे पाहू लागले. तिथे बसलेल्या तीस-पस्तीस मराठा पुरुषांपैकी एकालाही त्या क्षणी तो शब्द सुचला नाही.

"होणे म्हणजे..." हंबीरराव थांबून विचार करत म्हणाले, "काही चुकलं तर लोक तुझ्याकडं बघणार. आणि चुकलं तरी पुढच्या वेळेला पुन्हा तुलाच सांगणार."

संयोगिताने ते नीट ऐकून घेतलं.

"मग घेते," ती म्हणाली.

हंबीररावांनी शेजारची खुर्ची ओढून तिच्यासाठी पुढे सरकवली.